इटलीतले सण आणि प्रवासाचा बेत

इटलीला जायचे ठरले की माणसे आधी गावांची यादी करतात. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि जमल्यास मिलान. मग सोयीची तारीख पाहून तिकिटे काढतात. यात गैर काही नाही. पण आयुष्यात बहुधा एकदाच घडणाऱ्या प्रवासावर एवढा पैसा घालायचा, आणि ज्या दिवशी सारे गाव रस्त्यावर उतरते नेमका तोच दिवस चार-आठ दिवसांच्या फरकाने चुकवायचा, हे माझ्या तरी जिवावर येते. म्हणून माझे सांगणे असे, की क्रम उलटा करावा. आधी सण ठरवा. सणावरून गाव ठरेल आणि गावावरून तिकीट.

इटलीत सण उदंड आहेत. प्रत्येक शहराचा एक रक्षक संत असतो आणि त्याच्या दिवशी त्या शहरापुरती सुट्टी असते. रोमची २९ जूनला, नेपल्सची १९ सप्टेंबरला, मिलानची ७ डिसेंबरला. फ्लॉरेन्सचा संत योहान २४ जूनचा. त्या दिवशी फ्लॉरेन्सच्या कचेऱ्यांना कुलूप असते, आणि तासा-दीड तासाच्या वाटेवरच्या सिएना शहरात सगळे व्यवहार रोजच्यासारखे चालू! ग्रामदैवताची जत्रा आपल्या गावाला जशी आपलीच असते, तसेच हे आहे. तेव्हा ‘इटलीचा सण’ असे मोघम म्हणून भागत नाही. कोणत्या गावाचा, असे विचारावे लागते.

आता तारखांकडे वळू, कारण सारा बेत तेथेच साधतो किंवा फसतो. काही सण पक्क्या तारखेचे आहेत. सिएनाची घोड्यांची शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला, गुब्बियो गावचा उत्सव १५ मेला. वार कोणताही असो, तारीख हलत नाही. काही सण वारावर चालतात. व्हेनिसचा रेदेन्तोरे उत्सव जुलैच्या तिसऱ्या रविवारी आणि तिथली नावांची ऐतिहासिक शर्यत सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असते. तिसरी जात चंद्रावर चालणाऱ्या सणांची. परदेशी प्रवासी हमखास चुकतो तो इथेच. आपल्याला मात्र हे जड जाऊ नये. दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते, हे आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते.

ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार, हा या साऱ्या सणांचा खुंटा. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा चर्चच्या कोष्टकात येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. ईस्टरच्या ४७ दिवस आधीच्या मंगळवारी कार्निव्हल संपतो, आणि ईस्टरनंतरच्या नवव्या रविवारी इटलीत कॉर्पस डोमिनीची मिरवणूक निघते. उदाहरणच घ्या. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार ९ फेब्रुवारीला आणि कॉर्पस डोमिनीचा रविवार ३० मे रोजी. २०२८ साली ईस्टर १६ एप्रिलला जातो, म्हणून कार्निव्हल २९ फेब्रुवारीला संपेल आणि ती मिरवणूक १८ जूनला निघेल. दोन वर्षांत वीस दिवसांचा फरक! गोव्याचा कार्निव्हलही याच गणिताने येतो आणि त्याच मंगळवारी संपतो. तेव्हा गोव्याच्या माणसाला व्हेनिसच्या कार्निव्हलची तारीख शोधायला लांब जायला नको.

त्यांचे पंचांग पाहिले, तसे स्वतःचेही पाहायला हवे. मास्तरांना मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी. कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊसकाळ सुरू होण्याआधीचे दिवस त्यातल्या त्यात मोकळे. जुलैची सिएनाची शर्यत ऐन पेरणीच्या हंगामात येते. तिच्यासाठी शेत सोडून जा, असे मी कोणाला सांगणार नाही. पण ईस्टर आणि मे महिन्यातले सण आपल्या मोकळिकीत बसतात. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

ईस्टरच्या सकाळी फ्लॉरेन्समध्ये जे होते ते पाहून शेतकऱ्याला परके वाटणार नाही. शिंगांना आणि गळ्यात फुले बांधलेल्या पांढऱ्याशुभ्र बैलांच्या जोड्या एक उंच, रंगवलेला, तीन मजली घरासारखा गाडा ओढत शहरातून आणतात. गाडा मुख्य चर्चच्या दारासमोर उभा राहिला की बैल सोडून बाजूला नेतात, कारण गाडा दारूकामाने भरलेला असतो. चर्चच्या आत मुख्य वेदीपासून या गाड्यापर्यंत एक तार ताणलेली असते. अकराच्या सुमारास प्रार्थना रंगात येते, तेव्हा वेदीपाशी कबुतराच्या आकाराच्या एका बाणाला बत्ती देतात. ते कबुतर सूं करीत तारेवरून बाहेर येते, गाड्याला ठिणगी देते आणि उलट पावली वेदीकडे परतते. पुढची बरीच मिनिटे नुसता धूर, आवाज आणि घंटा. कबुतर नीट गेले आणि नीट परत आले तर पीकपाणी चांगले येणार, असा जुना समज. आज फ्लॉरेन्सच्या चौकात उभ्या असलेल्या माणसांपैकी शेती किती जण करतात कोण जाणे, पण कबुतर परत फिरेपर्यंत सगळ्यांचा श्वास अडकलेला असतो. या प्रथेचा उगम सांगणारी कथा पहिल्या धर्मयुद्धापर्यंत, १०९९ पर्यंत जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पाहायला पैसे पडत नाहीत. दोन-अडीच तास आधी जाऊन जागा धरावी लागते एवढेच.

फ्लॉरेन्सला गेलात, तर दुपारी आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाच्या मोठ्या बागेच्या पश्चिम टोकापर्यंत चालत जा. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात वारले. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तेथे १८७४ साली उभारलेली छत्री आणि तिच्याखालचा त्यांचा पुतळा आजही आहे. जवळच्या पुलालाही ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाचे नाव आहे. ईस्टरची गर्दी तेथवर पोचत नाही.

मास्तरांसाठी १५ मे. उंब्रिया प्रांतात डोंगराच्या उतारावर गुब्बियो नावाचे जुने दगडी गाव आहे. त्याचा रक्षक संत उबाल्दो ११६० साली १६ मेला वारला. त्याच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी हा उत्सव होतो. लाकडाचे तीन उंच खांब. प्रत्येकाचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो. प्रत्येकाच्या माथ्यावर एका संताची मूर्ती. पहिला संत उबाल्दोचा, म्हणजे गवंड्यांचा. दुसरा संत जॉर्जचा, व्यापारी-कारागिरांचा. तिसरा संत अँथनीचा, तो शेतकऱ्यांचा. वाहणाऱ्यांचे सदरे अनुक्रमे पिवळे, निळे आणि काळे. दुपारी बाराला चौकात खांब उभे करतात, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ते खांद्यावर घेऊन हे लोक धावत सुटतात. आधी गल्ल्यांतून, मग थेट डोंगरावरच्या देवळापर्यंत. खांदेकरी धावता धावताच बदलतात.

आणि गंमत ऐका. या शर्यतीत कोणी कोणाला मागे टाकायचे नाही! उबाल्दो नेहमी पहिला, जॉर्ज दुसरा, अँथनी तिसरा. निकाल शेकडो वर्षे ठरलेला आहे. मग चुरस कसली? खांब किती सरळ राहिला, कुठे पडला का, दोघांत अंतर किती पडले, याची. वर देवळाशी पोचल्यावर उबाल्दोचे लोक आत शिरून दार लावून घ्यायला पाहतात आणि जॉर्जचे लोक ते लागू नये म्हणून धडपडतात. त्यावरून वर्षभर वाद. जिंकण्या-हरण्याशिवायही माणसे इतक्या ईर्षेने धावू शकतात, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. गुब्बियोत रेल्वे नाही. फोस्सातो दी व्हिको या स्टेशनावर उतरून बस धरावी लागते. गावातल्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात, तेव्हा पेरुजासारख्या मोठ्या शहरात मुक्काम करून सकाळी लवकर निघावे हे बरे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहू नका. पावणेतीनशे किलोचा खांब धावत येतो तेव्हा तो तुमच्यासाठी थांबत नाही.

२०२७ साली १५ मेला शनिवार आहे आणि ३० मेला कॉर्पस डोमिनी. त्याच उंब्रियात असिसीजवळ स्पेल्लो नावाचे गाव आहे. मिरवणुकीच्या आदल्या रात्री गावकरी जागून रस्त्यावर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात. सगळे मिळून किलोमीटरभराहून लांब. सकाळी मिरवणूक त्यावरून चालत जाते आणि रात्रभराचे काम तिच्या पायांखाली विस्कटते. रांगोळी घालणाऱ्या आपल्या बायकांना याचे नवल वाटू नये. पंधरवड्याच्या दोन टोकांना दोन सण आणि मध्ये असिसी, फ्लॉरेन्स, रोम, असा सुटसुटीत बेत त्या वर्षी बसतो. २०२८ साली तो बसणार नाही, कारण चंद्र तो रविवार जूनच्या मध्यावर नेतो.

आता सिएना. ज्याला हंगामाचे बंधन नाही त्याने इटलीतला एकच सण पाहायचा असेल, तर मी हाच सांगेन. या शहराचे १७ भाग आहेत. त्यांना कॉन्त्रादा म्हणतात. आळी म्हणा हवे तर, पण प्रत्येक आळीला स्वतःचे चर्च, संग्रहालय, झेंडा, आणि ज्यावर पोरांचे आळीत नाव घालतात तो हौदही स्वतःचा. नावे हंस, गोगलगाय, सुरवंट, कासव, लांडगी, लाट अशी. हद्दी १७२९ साली ठरल्या, त्या आजही तशाच. शंखाच्या आकाराच्या उतरत्या चौकात पिवळी माती पसरून धावपट्टी करतात. ती फेकलेल्या कमरपट्ट्यासारखी चौकाला वळसा घालते. तिच्यावर दहा घोडे तीन फेऱ्या धावतात. खोगीर नाही. सगळा खेळ दीड मिनिटाच्या आत आटोपतो. चौकात जागा दहाच घोड्यांपुरती, म्हणून गेल्या वर्षी त्या महिन्यात जे सात भाग धावले नाहीत ते हक्काने येतात आणि उरलेले तीन चिठ्ठीने.

घोडाही चिठ्ठीनेच मिळतो, शर्यतीच्या फक्त तीन दिवस आधी: २९ जून किंवा १३ ऑगस्टला. चांगला घोडा निघाला तर मोठी माणसे रडतात. वाईट निघाला तरी रडतात. स्वार मात्र भाडोत्री, बरेचसे सार्डिनिया बेटावरचे. घोडा आळीचा आणि स्वार बाहेरचा, म्हणूनच की काय, स्वार पडला तरी रिकामा घोडा पहिला आला की तो जिंकला! बक्षीस काय? रंगवलेल्या रेशमी कापडाचा एक पडदा. पैसे मिळत नाहीत; उलट जिंकणाऱ्या आळीला मेजवान्यांचा आणि दिलेल्या वचनांचा खर्चच अंगावर पडतो. सर्वांत जास्त काळ न जिंकलेल्या आळीला बाकीचे ‘आजी’ म्हणून चिडवतात. शर्यतीच्या दुपारी प्रत्येक घोड्याला आळीच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. घोड्याने आत शेण टाकले तर तो शुभशकुन!

पाहण्याचे दोन मार्ग. चौकाच्या मधल्या भागात उभे राहणे फुकट आहे. सज्जे आणि बाके यांना मात्र भारी पैसे पडतात. फुकटाची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. दुपारीच आत शिरावे लागते; नंतर वाटा बंद होतात. सावली नाही, शौचाची सोय नाही, आणि घोडे धावेपर्यंत सुटका नाही. नऊ घोडे दोरामागे आणि दहावा मागून धावत येणारा. तो येईल तेव्हा शर्यत सुटणार. दहाव्याच्या मनात आणि करारांत काय आहे त्यावर कधी कधी तासभर जातो. म्हाताऱ्यांनी आणि लहान मुले बरोबर असलेल्यांनी या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी आधीच्या तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ होणाऱ्या सहा सराव-फेऱ्या आहेत. त्यांना गर्दी कमी असते. आदल्या रात्री प्रत्येक आळीत रस्त्यावर लांबच लांब टेबले मांडून जेवण होते, आणि आगाऊ पैसे भरले तर पुष्कळ ठिकाणी पाहुण्यालाही बसता येते. माझ्या मते शर्यतीपेक्षा हे जेवण पाहिलेले अधिक. एक गाणे आठ वर्षांचे पोर आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एकाच आवेशाने म्हणताना तिथेच ऐकायला मिळते. शर्यतीत घोडे जखमी होतात, काही वेळा मरतातही. तिला प्राणिमित्रांचा विरोध जुना आहे आणि तो पोकळ नाही. ज्याला ते पाहवणार नाही त्याने जेवण पाहून परतावे.

एक व्यवहाराची गोष्ट. पाऊस झाला तर माती ओली होते आणि शर्यत पुढे ढकलतात. नगरभवनावर हिरवे निशाण लागते. २०२४ साली जुलैची शर्यत ४ तारखेला झाली आणि ऑगस्टची १७ तारखेला. त्या वर्षी ३ जुलैच्या सकाळी विमान पकडणारे हात हलवीत परत गेले. सिएनासाठी दोन दिवस जादा हाताशी ठेवा.

व्हेनिसचा कार्निव्हल जगप्रसिद्ध आहे. मुखवटे, झगमगाट, आणि छायाचित्र काढणाऱ्यांची दाटी. नेपोलियनने १७९७ साली व्हेनिसचे राज्य संपवले, तेव्हापासून तो मोडला आणि १९७९-८० च्या सुमारास पुन्हा उभा करण्यात आला. देखणा आहे, पण आज तो मुख्यतः तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी आहे. जुन्या व्हेनिस शहरात राहणारे लोक आता पन्नास हजारांहूनही कमी उरलेत. ते कुठे भेटतात? २१ नोव्हेंबरला. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराने नवस केला, त्याचे देऊळ मोठ्या कालव्याच्या तोंडाशी आहे. त्या दिवशी कालव्यावर तात्पुरता पूल बांधतात, आणि थंडी-धुक्यातून शहरचे लोक मेणबत्ती लावायला चालत जातात. घरोघरी खारवलेल्या मेंढ्याच्या मटणाचा रस्सा होतो. शाकाहाऱ्यांनी दुकानांतून मिळणाऱ्या गोडधोडावर समाधान मानावे. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. ती उशिरा आली आणि सुट्टी पुरली तर मास्तरांना हा दिवस साधतो. त्या आधीच्या, १५७५ ते १५७७ च्या प्लेगचा नवस जुलैमधल्या रेदेन्तोरेला फेडतात. त्याला आदल्या शनिवारी रात्री दारूकाम असते. तेही सुंदर, पण त्याला गर्दी फार.

व्हेनिसला नुसते दिवसापुरते जाणाऱ्याला २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशाचे पैसे भरावे लागू लागले. ते दिवस आधी जाहीर होतात. शहरात रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला हा कर नाही, मात्र त्यानेही आधी नोंद करायची असते.

संगीताची आवड असणाऱ्यांसाठी दोन शब्द. व्हेरोनात रोमन काळातले दगडी रिंगण आहे. तिथे १९१३ साली व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘आयदा’ हे संगीतनाटक झाले, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात तिथे उघड्यावर प्रयोग होतात. वरच्या दगडी पायऱ्यांची तिकिटे परवडतात. बसायला उशी न्यावी. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचा हंगाम ७ डिसेंबरला उघडतो. त्या रात्रीचे तिकीट आपल्या आवाक्याबाहेरचे, पण शहरात अनेक ठिकाणी तो प्रयोग पडद्यावर फुकट दाखवतात आणि त्याच दिवसांत संत अंब्रोजची जुनी जत्राही भरते.

आणि ज्या सणाला शहरात जाऊ नये तो १५ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन; त्यांचा फेर्रागोस्तो, ऑगस्टस बादशहाने इ. स. पूर्व १८ मध्ये सुरू केलेल्या सुट्टीचा वारस. त्या आठवड्यात शहरवासी समुद्राकडे पळतात. मिलानसारख्या शहरात खाणावळींच्या दारांवर चिठ्ठ्या लटकतात, आणि ऊन भाजून काढते. दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीमुळे सिएना तेवढे याला अपवाद.

परवान्याचे म्हणाल, तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांहून उशिरा करून चालत नाही. तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. सणाच्या दिवसांतल्या खोल्या मात्र सहा महिन्यांच्याही आधी जातात. तेव्हा व्हिसा मिळाला नाही तर पैसे परत मिळतील, अशीच खोली प्रथम धरून ठेवा. वेगाच्या गाड्यांची तिकिटे बहुधा जितकी आधी तितकी स्वस्त. खेड्यापाड्यांतून थांबत जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे आज काढा की त्या दिवशी काढा, तेवढेच राहते. म्हणून सणाच्या दिवशीचा शेवटचा टप्पा अशाच गाडीचा ठेवावा. मिरवणूक उशिरा सुटली तर पुढची गाडी धरता येते.